तेलाच्या शोधात फेअरबँक्सचं काय काम?

प्रश्न: सर, आमचा वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. पोरगा म्हणतो अलास्कात तेल निघालं ते पार उत्तरेला समुद्राजवळ, मग फेअरबँक्स हे मधलंच गाव एवढं मोठं कसं काय झालं?

उत्तर: भाऊ, तुमच्या धंद्यातलंच उत्तर आहे, रेल्वे तिथेच संपते ना! 1968 मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या प्रुडो बे ला तेल सापडलं तेव्हा तिकडे जायला पक्का रस्ताच नव्हता, म्हणून ड्रिलिंगचं सामान फेअरबँक्सला यायचं आणि तिथून हर्क्युलस विमानात भरून जायचं, अगदी डिझेलसुद्धा. समुद्रातून बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, यायच्या पण बर्फ वितळला की फक्त उन्हाळ्यातले काही आठवडे. मग 1974 मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी 154 दिवसांत रस्ता काढला, आजच्या डाल्टन हायवेचा बहुतेक भाग; अख्खा हायवे 666 किलोमीटर, म्हणजे नागपूर-पुण्यापेक्षा थोडंच कमी आणि वाटेत पेट्रोलपंप फार तर दोन-तीन. थंडीत तिथले ड्रायव्हर जेवायला उतरले तरी इंजिन चालूच ठेवतात, बंद केलं तर डिझेल गोठतं आणि गाडी तिथेच अडकते. मला तर तेल काढणाऱ्यांपेक्षा या ड्रायव्हर लोकांचंच जास्त कौतुक वाटतं, पोराला हे नक्की सांगा.