मनन सामन्याआधी की सामन्यानंतर?

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, क्रीडा उपक्रमातून सुवार्ता सांगायची असेल तर मनन, म्हणजे बायबलवरचे छोटे चिंतन, सामन्याआधी ठेवावे, मध्यंतरात की शेवटी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते शेवटी ठेवावे, दहा मिनिटांत आटोपावे आणि ज्याला घरी जायचे असेल त्याला जाऊ द्यावे. मात्र याच वादात माझी सहा वर्षे गेली असल्यामुळे एवढ्यावर थांबणे मला जमणार नाही.

आमच्या तरुण संघाच्या व्हॉलीबॉलची जबाबदारी माझ्याकडे होती. शेवटी ठेवले तर मुले पळून जातात, म्हणून मनन दोन सेटच्या मध्येच झाले पाहिजे, असा मंडळीतील एका वडिलांचा, म्हणजे कारभार पाहणाऱ्या एल्डरांचा, हट्ट होता. अंगावरचा घाम वाळेपर्यंत मुले उभी राहत आणि ज्याची सर्व्हिस असे तो चेंडू पोटाशी धरून नखाने व्हॉल्व्ह टोकरत बसे. एकदा बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 9 व्या अध्यायातील स्पर्धकाच्या संयमावर मीच बोललो आणि त्यानंतरच्या निर्णायक सेटमध्ये पंचांनी आमचा चेंडू बाहेर दिला, तेव्हा त्यांच्या शिडीपाशी जाऊन साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो. आमच्या मंडळीत नसलेला, केवळ खेळायला येणारा एक मुलगा पाण्याची बाटली माझ्या हाती देत अगदी साधेपणाने म्हणाला, "दादा, मघाशी संयमाचं बोललात, ते फक्त आमच्यासाठी होतं का?" मला उत्तर सुचले नाही. पुढच्या शनिवारी तो आला नाही, आणि नंतरही कधी आला नाही.

यावर वडिलांचा निष्कर्ष असा, की मनन फार लहान झाले!

त्यांच्या तोंडी नेहमी स्कॉटिश धावपटू एरिक लिडल असत, कारण 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी रविवारी होणारी 100 मीटरची प्राथमिक फेरी नाकारली होती. हे खरेच आहे, आणि त्यांनी 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकले हेही खरे आहे. पण पुढे चीनमध्ये मिशनरी असताना ते जपान्यांच्या वेशिएन येथील छावणीत स्थानबद्ध झाले आणि तिथे देखरेखीविना चाललेल्या मुलांच्या रविवारच्या हॉकी सामन्यात मारामारी झाली, तेव्हा पुढच्या रविवारी तेच लिडल पंच म्हणून उभे राहिले, ही गोष्ट वडील कधी सांगत नसत. बास्केटबॉलचेही तसेच आहे. धर्मशास्त्र शिकलेल्या जेम्स नेस्मिथ यांनी 1891 मध्ये तो खेळ वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत तयार केला. त्यांच्या 13 नियमांत धक्का मारण्यास आणि पाय घालून पाडण्यास मनाई आहे, मध्यंतरातील प्रवचनाचा नियम मात्र एकही नाही.

म्हणून वेळापत्रकाआधी प्रशिक्षक निवडा, आणि हरताना तो कसा वागतो हे पाहून निवडा. अगदी लहान मुलांना मध्ये विसावा लागतोच, तेव्हा त्यांच्यापुरते माझे म्हणणे सोडून द्या. उपक्रम मंडळीचा आहे आणि त्यात प्रार्थना होते, हे पालकांना नावनोंदणीच्या वेळीच सांगा. संघातील जागा प्रार्थनेच्या हजेरीवर ठरवू नका.

मी आता प्रशिक्षक नाही. शनिवारी शिडीवर बसून शिट्टी वाजवतो आणि इतर प्रशिक्षकांचे ओरडणे ऐकून घेतो. दुसरा सेट संपत आला, की ते वडील अजूनही घड्याळ हातात घेऊन नेटपाशी येऊन उभे राहतात.