रेड्याची निवड धिप्पाडपणावर नको, नोंदींवर करावी

प्रश्न (सांगोला तालुक्यातील पशुपालक): माझ्याकडे पंढरपुरी म्हशी आहेत. त्या गावातील धिप्पाड रेड्याकडून भरवाव्यात, की मुऱ्हा जातीच्या रेड्याची कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) भरून घ्यावी? दहा लिटरच्या म्हशीची पारडीही दहा लिटरच देईल का?

उत्तर: शेवटच्या शंकेचे निरसन आधी करू. म्हशी-म्हशींतील दुधाच्या फरकापैकी साधारण पाव भागच आनुवंशिक असतो; उरलेला चारा, आरोग्य आणि व्यवस्थापन यांमुळे पडतो. गोठ्याची सरासरी सहा लिटर आणि आपली म्हैस दहा लिटरची असेल, तर वरच्या चार लिटरपैकी सुमारे एक लिटरच रक्तातला, आणि त्याचाही निम्मा वाटा पारडीकडे जातो. म्हणजे आईकडून अपेक्षित वाढ अर्ध्या लिटरच्या आसपासच धरावी. उरलेला निम्मा वारसा रेड्याचा असतो आणि एका रेड्याच्या रेतमात्रा हजारो म्हशींपर्यंत पोहोचत असल्याने सुधारणेची खरी किल्ली त्याच्याच निवडीत आहे.

रेडा स्वतः दूध देत नाही, त्यामुळे त्याची रुंद छाती पाहून दुधाविषयी काहीच कळत नाही. त्याच्या आईचे पूर्ण वेताचे (विण्यापासून आटेपर्यंतचे) दूध व फॅट आणि शक्य असेल तर त्याच्या मुलींच्या दुधाच्या नोंदी पाहाव्यात. मुलींच्या नोंदींवरून सिद्ध झालेला रेडा सर्वांत भरवशाचा. गावातील रेड्याची अशी नोंद नसते, शिवाय तोच आपल्या वगारीचा (तरुण म्हशीचा) बाप निघण्याची शक्यता असते. अशा जवळच्या नात्यातील संकराने वाढ खुंटते आणि प्रजननक्षमता घटते.

लांब तलवारीसारखी शिंगे असलेली शुद्ध पंढरपुरी म्हैस नियमित फळत असेल, तर तिला नोंद असलेल्या पंढरपुरी रेड्याचीच रेतमात्रा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडील उन्हात आणि कडब्यावर तग धरून नियमित वेत देण्याचा तिचा गुण वेतामागे चारदोनशे लिटर जास्त दुधाच्या आशेने घालवू नये. जातीची निश्चित लक्षणे नसलेल्या गावठी म्हशींसाठी मात्र मुऱ्हा योग्य आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुऱ्हाच वापरल्यास तिसऱ्या पिढीत मुऱ्हाचा अंश ८७.५ टक्के होतो. चारा-पाण्याची सोय तशी नसेल, तर या अंशाचा उपयोग नाही.

आपल्या म्हशींची निवडही वेताच्या सुरुवातीच्या दुधावर करू नये, कारण दहा लिटरवर जाऊन सहा महिन्यांत आटणाऱ्या म्हशीपेक्षा सात लिटरवर दहा महिने टिकणारी म्हैस सरस असते. दर महिन्याच्या ठराविक तारखेला सकाळ-संध्याकाळचे दूध मोजून वहीत लिहावे, आणि त्याच पानावर माजाची, रेतनाची व विण्याची तारीख तसेच कांडीवरील रेड्याचा क्रमांक नोंदवावा. म्हशीत मुका माज (बाहेरून लक्षणे न दिसणारा) फार असल्याने पहाटे व रात्री सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) तपासावा. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी रेतन करून घ्यावे. आज भरवलेल्या म्हशीच्या पारडीचे दूध हाती यायला साडेचार ते पाच वर्षे लागतात, म्हणून रेतनापूर्वी कांडीवरचा क्रमांक स्वतः वाचून घ्यावा.