उबुंटू सुरू होताना झालेल्या डिस्क तपासणीचा निकाल कुठे पाहावा?

वीज गेल्यानंतर संगणक पुन्हा सुरू होताना तपासणीच्या ओळी पडद्यावरून सरकून गेल्या आणि ‘डीमेसेज’मध्ये त्या सापडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. डीमेसेज ही कमांड कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवते. डिस्क तपासणारा ‘एफएससीके’ हा मात्र कर्नलबाहेर चालणारा स्वतंत्र प्रोग्राम असल्यामुळे त्याचा निकाल तिथे शोधण्यात सहसा अर्थ नसतो.

उबुंटू आणि डेबियनमध्ये रूट पार्टिशनची (डिस्कवरील मुख्य विभागाची) तपासणी ते माउंट होण्यापूर्वी, म्हणजे वापरासाठी जोडले जाण्यापूर्वी, इनिट्रॅमएफएसच्या (मेमरीतल्या तात्पुरत्या प्रणालीच्या) टप्प्यातच उरकते. त्या क्षणी लॉग लिहायला डिस्कच हाताशी नसल्याने निकाल सहसा ‘/रन/इनिट्रॅमएफएस/एफएससीके.लॉग’ या फाइलमध्ये जातो. ती ‘सुडो कॅट’ने वाचावी (कमांड अर्थातच रोमन छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात). ‘/रन’ मेमरीत असते, त्यामुळे पुढच्या रीबूटनंतर हा मजकूर उरत नाही. जपून ठेवायचा असेल तर आजच दुसरीकडे कॉपी करून घ्यावा. ‘/होम’सारखी इतर पार्टिशने सिस्टिमडी (प्रणाली सुरू करून तिच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) तपासून घेते. त्यांचा निकाल ‘जर्नलसीटीएल -बी -यू "सिस्टिमडी-एफएससीके@*"’ या कमांडने मिळेल.

निकाल सापडण्यापेक्षा तो नीट वाचणे अधिक महत्त्वाचे आहे. ईएक्सटी4 (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) पार्टिशनवर वीज गेल्यानंतर बहुधा आधी ‘रिकव्हरिंग जर्नल’ आणि मग ‘क्लीन’ हा शब्द व फाइल-ब्लॉकांचे आकडे असलेली ओळ दिसते. पुष्कळ जण तिचा अर्थ ‘पूर्ण तपासणी झाली, दोष नाही’ असा लावतात. प्रत्यक्षात जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) पूर्ण नोंदलेले पण मूळ जागी न पोचलेले बदल लागू केल्यानंतर सुपरब्लॉकवर (पार्टिशनची मूळ माहिती असलेल्या भागावर) ‘निर्दोष’ अशीच खूण आढळली, म्हणून आतली तपासणी वगळली गेली, एवढेच ती ओळ सांगते. खरी तपासणी झाली असेल तर त्या ओळीत ‘क्लीन’ नसतो आणि फाइलींच्या आकड्यांपुढे कंसात ‘नॉन-कंटिग्युअस’ची टक्केवारी असते. शंका असल्यास ‘सुडो ट्यून2एफएस -एल’ला पार्टिशनचे नाव देऊन ‘लास्ट चेक्ड’ची तारीख पाहावी, नुसत्या ‘क्लीन’ने ती बदलत नाही.

आपल्या बाबतीत ही तारीख जुनीच निघाली, तर मी एकदा सक्तीची तपासणी करून घेण्याचा सल्ला देईन. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या (बूट प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘एफएससीके.मोड=फोर्स’ जोडावे आणि कंट्रोल-एक्सने बूट करावे. हा बदल त्या एका बूटपुरताच लागू होतो.