रक्कम पडद्यावर बरोबर, टेबलात शून्य

प्रश्न: आमच्या गावच्या दूध संस्थेसाठी मी पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून संकलनाची नोंद करणारं सॉफ्टवेअर करतोय. ऑपरेटर लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरून फॉर्म सबमिट करतो. पुढच्या पानावर जावास्क्रिप्ट दरपत्रकातून दर शोधते आणि रक्कम ‘टोटल’मध्ये ठेवते. ती पीएचपीत घ्यायची म्हणून मी पीएचपीच्या व्हेरिएबलमध्ये स्क्रिप्टचा टॅग लिहिला आणि त्यात डॉक्युमेंट डॉट राइटने टोटल छापली. एको केलं (पानावर छापलं) की ४३० बरोबर दिसतात, पण इन्सर्ट केलं (नोंद घातली) की टेबलात ०.०० जातं. व्हेरिएबल तर एकच आहे, मग असं का?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर: तुमच्या व्हेरिएबलमध्ये ४३० कधी आलेच नाहीत. खात्री करायची असेल तर एकोच्या जागी त्या व्हेरिएबलची लांबी छापून बघा. ‘स्ट्रलेन’ ३८ सांगेल. ४३० ला तीन अक्षरं पुरतात, मग ही ३८ कुठून आली? तुम्ही लिहिलेला स्क्रिप्टचा टॅग, डॉक्युमेंट डॉट राइट, कंसातलं टोटल आणि बंद होणारा टॅग मोजा, बरोबर ३८ भरतात. पीएचपीच्या लेखी तो नुसता मजकूर आहे. एको केल्यावर तो जसाच्या तसा ब्राउझरकडे गेला, तिथे ब्राउझरने तो स्क्रिप्ट म्हणून चालवला आणि ४३० छापले. तुम्हाला वाटलं एको पीएचपीने केलं, म्हणजे आकडाही पीएचपीकडे आहे. पानावर कंट्रोल आणि यू दाबून सोर्स उघडा. तिथे ४३० सापडणार नाही, तुमचा टॅग सापडेल.

क्रम असा असतो. ब्राउझर पान मागतो. सर्व्हरवर पीएचपीची फाइल वरून खालपर्यंत चालते, तुमचं इन्सर्टही त्यातच होऊन जातं, तयार झालेलं एचटीएमएल रवाना होतं आणि पीएचपीचं काम संपतं. जावास्क्रिप्ट सुरू होते ती त्यानंतर, संस्थेच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर. दोन्ही कोड एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिता येतात, म्हणून ते एकत्र चालतात असं भल्याभल्यांना वाटतं. जावास्क्रिप्टला सर्व्हरला काही कळवायचं असेल तर नवी रिक्वेस्ट करावी लागते. दुसरी वाट नाही.

आणि ते ०.००? रकमेचा रकाना डेसिमल, म्हणजे फक्त दशांश संख्या घेणारा आहे, त्यात तुम्ही ३८ अक्षरांचा मजकूर घालताय. मायएसक्यूएलचा स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग) बंद असला की तो निमूटपणे शून्य लिहून घेतो आणि फक्त वॉर्निंग देतो. चालू असता तर इन्सर्ट तिथेच अडलं असतं आणि चूक पहिल्याच नोंदीला उघडी पडली असती. मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळातच चालू असतो, म्हणजे तुमच्याकडे आवृत्ती जुनी आहे किंवा कुणीतरी तो बंद केलाय. आधी तो चालू करा. पैशाच्या टेबलावर हा मोड बंद ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

आता रक्कम पाठवायची कशी, हा तुमचा खरा प्रश्न. माझं सांगणं असं की ती पाठवूच नका. लिटर, फॅट आणि एसएनएफ फॉर्ममधून पीएचपीकडे आलेलेच आहेत. अडचण एवढीच की दरपत्रक जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये अडकलंय. ते डेटाबेसच्या टेबलात आणा: दुधाचा प्रकार, फॅट, एसएनएफ, दर आणि दर लागू झाल्याची तारीख. दर पीएचपीनेच शोधावा, १२.५ लिटरला ३४.४० ने गुणून ४३० पीएचपीनेच काढावेत.

यात दोन धोके टळतात. ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून टोटलची किंमत कुणालाही बदलता येते. सर्व्हर तीच रक्कम मानणार असेल तर ४३० चे ५३० व्हायला फारसं ज्ञान लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते: दर बदलला, पण काउंटरवरचं पान कालपासून उघडंच आहे. त्या पानातली जावास्क्रिप्ट जुन्याच दराने हिशेब करत बसते. दूध संस्थांचे हिशेब मी जवळून बघत आले आहे. दहा दिवसांचं बिल हातात पडल्यावर उत्पादक आपली चिठ्ठी आणि बिल शेजारी धरून एकेक ओळ ताडून बघतो. दोन-दोन जनावरांवर घर चालवणाऱ्याला एका लिटरमागचे पन्नास पैसेही लागतात. म्हणून दर एकाच जागी असावा, आणि ती जागा सर्व्हर.

आकडे टाकताच, फॉर्म सबमिट व्हायच्या आधी, रक्कम दिसायला हवी अशी ऑपरेटरची मागणी असेल (आणि किटल्या घेऊन रांग उभी असताना ती रास्तच आहे), तर तिथे फेच वापरा. पान न बदलता सर्व्हरशी बोलायची ही सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली, २००५ मध्ये तिला एजॅक्स हे नाव पडलं. फेच हे तिचं आजचं सुटसुटीत रूप. जावास्क्रिप्टने सभासद क्रमांक, दुधाचा प्रकार, लिटर, फॅट आणि एसएनएफ पाठवावं. पीएचपीने रक्कम काढून उत्तरात परत द्यावी आणि जावास्क्रिप्टने ती दाखवावी. नोंद पक्की करताना पीएचपीने ती पुन्हा काढावी.

फेचचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवा. सर्व्हरने ५०० ची एरर (सर्व्हरवरच काही बिघडल्याचा कोड) दिली तरी फेच ती रिक्वेस्ट यशस्वीच धरतं, कारण उत्तर तर आलेलं असतं. कॅचमध्ये, म्हणजे चूक झाल्यावर चालायच्या भागात, लिहिलेला तुमचा कोड चालतच नाही. उत्तराचं ‘ओके’ तपासल्याशिवाय ‘नोंद झाली’ असं दाखवलंत, तर ऑपरेटर पुढच्या किटलीकडे वळेल आणि आधीचं दूध खात्यावर चढणारच नाही. उलटंही होतं. नेट रेंगाळलं की बटण दोनदा दाबलं जातं आणि एकाच दुधाच्या दोन नोंदी पडतात. बटण बंद करणं हा अर्धाच उपाय आहे. टेबलावर सभासद, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि दुधाचा प्रकार मिळून युनिक की लावा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा पडणार नाही. दुधाचा प्रकार विसरू नका, नाहीतर गाय आणि म्हैस दोन्हीचं दूध घालणाऱ्याची दुसरी किटली नाकारली जाईल. आणि इन्सर्टमध्ये किमती थेट जोडू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरा, त्यात किमती क्वेरीपासून वेगळ्या जातात.

प्रश्न: मी फेचने जेसन (मजकुराच्या रूपात मांडलेला डेटा) पाठवते. नेटवर्क टॅबमध्ये डेटा गेलेला दिसतो, पण पीएचपीत पोस्टचा ॲरे (आलेला डेटा जिथे मिळतो तो) रिकामाच येतो.
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: पीएचपी तो ॲरे फक्त फॉर्मच्या दोन पद्धतींसाठी भरून देतं: साधा यूआरएल-एनकोडेड फॉर्म किंवा फाइल जोडता येणारा मल्टिपार्ट. कंटेंट टाइप जेसन असेल तर ते हात लावत नाही. रिक्वेस्टची बॉडी पीएचपीच्या इनपुट स्ट्रीममधून स्वतः वाचायची आणि जेसन-डिकोडने उलगडायची. पायथॉनच्या फ्लास्कमध्येही फॉर्म आणि जेसन वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. नोडच्या एक्सप्रेसमध्ये जेसन उलगडणारं मिडलवेअर (मधे चालणारा कोड) लावेपर्यंत बॉडी मिळतच नाही. नाहीतर सरळ फॉर्मडेटा पाठवा, पोस्टचा ॲरे आपोआप भरेल.

हे करूनही एखादाच रकाना येत नसेल तर एचटीएमएल बघा. इनपुटला आयडी आहे पण नेम नाही? तो जात नाही. डिसेबल्ड आहे? तोही जात नाही. फक्त बदलू द्यायचा नसेल तर रीडओन्ली करा, तो जातो. स्पॅनमध्ये लिहिलेला मजकूर तर कधीच जात नाही.

प्रश्न: आमचं पूर्ण पान मराठीत आहे. रक्कम १,२५,००० अशी सुंदर दिसते, पण सर्व्हरवर ० पोहोचते. इंग्रजी आकडे केले तर १ येतो!
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुम्ही टू-लोकेल-स्ट्रिंगने (भाषेप्रमाणे आकडा मांडणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) नटवलेला आकडाच परत पाठवताय. मराठी लोकेल दिलं की देवनागरी आकडे मिळतात. पीएचपीचं पूर्णांकात रूपांतर ते ओळखत नाही, म्हणून शून्य. इंग्रजी आकड्यांत ते पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतं, म्हणून एक. पानावर देवनागरी आकडे ठेवाच, मला ते मनापासून आवडतात. पण मूळ संख्या जावास्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये वेगळी जपा आणि पाठवताना तीच पाठवा. लोक स्वतः देवनागरी कीबोर्डने आकडे टाकत असतील तर नंबर प्रकारचा इनपुट ते घेईलच असं नाही. तिथे टेक्स्ट ठेवा आणि ० ते ९ चं रूपांतर सर्व्हरवर करा.

तुमच्या कोडमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. ग्राहकाचं नाव तुम्ही यूआरएलला नुसतं अधिक चिन्हाने जोडताय. ‘पाटील & कंपनी’ आली की सर्व्हरला फक्त ‘पाटील’ मिळेल, कारण & पासून पुढचा रकाना सुरू होतो. यूआरएलसर्चपॅरम्स वापरा, ते सगळं नीट एनकोड करतं. एनकोड झाल्यावर ‘पुणे’ एवढ्याशा शब्दाची ३६ अक्षरं होतात, कारण त्यातल्या चारही चिन्हांना यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइट लागतात आणि प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं. म्हणून लांबलचक मराठी पत्ते यूआरएलमधून न पाठवता पोस्टने पाठवा, आणि टेबल यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) मध्ये आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या.