वाचकांचे प्रश्न: हॉथॉर्न – परीचं झाड आणि हृदयाचं औषध

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी हॉथॉर्न या काटेरी, पांढऱ्या फुलांच्या झाडाच्या फांद्या दाराला बांधायच्या, पण तीच फांदी घरात आणली तर घरातलं माणूस दगावतं, असं इंग्लंड-आयर्लंडच्या लोकसमजुतींमध्ये वाचलं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं?

हद्द उंबऱ्याची आहे. फांदी दाराबाहेर राहिली तर राखण करते, आत आली तर अपशकून. यामागचं एक कारण नाकाला कळतं. ताज्या फुलांमधून ट्रायमिथाइलअमीन नावाचा पदार्थ बाहेर पडतो आणि मांस सडायला लागलं की त्यातही तोच तयार होतो. झाडाला त्याचा उपयोग आहे, कारण या वासावर माश्या येतात आणि परागीभवन करतात. पूर्वी अंत्यविधीआधी मृतदेह काही दिवस घरातच ठेवत, त्यामुळे हा वास कशाचा हे घरच्यांना चांगलं ठाऊक होतं. मोकळ्यावर तो फारसा जाणवत नाही, पण बंद खोलीत फुलदाणी ठेवली की तासाभरात जाणवतो.

तारखेचंही पाहा. ब्रिटनने 1752 मध्ये पंचांग बदललं आणि 11 दिवस गाळले. त्याआधीचा 1 मे आजच्या 12 मेच्या सुमाराला यायचा, म्हणजे ऐन बहरात. आता 1 मे रोजी बऱ्याच ठिकाणी नुसत्या कळ्या असतात. जुनी प्रथा नव्या तारखेला पाळणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते.

आयर्लंडमध्ये हे झाड तोडायला लोक घाबरतात म्हणे. मग तिथल्या शेतांची कुंपणं हॉथॉर्नचीच कशी?

कुंपणाच्या झाडाला कुणी भीत नाही. ते माणसाने लावलेलं असतं आणि दरवर्षी छाटलंही जातं. भीती आहे ती एकट्या, आपोआप उगवलेल्या झाडाची, विशेषतः ते जुन्या मातीच्या गढीवर किंवा पवित्र विहिरीपाशी असेल तर. ते परीलोकांचं. 1999 मध्ये क्लेअर परगण्यातल्या लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असंच एक झुडूप आलं. कथासंग्राहक एडी लेनिहान यांनी त्यासाठी जाहीर मोहीम उघडली आणि झुडूप राखून रस्ता झाला.

विहिरीजवळच्या झाडांवर चिंध्या दिसतात, त्याचीही रीत ठरलेली आहे. आजाऱ्याच्या कपड्याची पट्टी फाडायची, विहिरीच्या पाण्यात भिजवायची, दुखऱ्या जागेला लावायची आणि फांदीला बांधायची. कापड कुजत जाईल तसं दुखणं सरतं, ही श्रद्धा. म्हणजे कापड सुती किंवा लोकरीचंच हवं. हल्ली लोक नायलॉनच्या फिती बांधून जातात. त्या कुजत नाहीत, शिवाय फांदी जाड होऊ लागली की तिचा गळा आवळतात.

रक्तपिपासू भुतांच्या (व्हँपायरच्या) छातीत ठोकायचा खुंटा याच लाकडाचा असतो का?

सर्बिया आणि आसपासच्या प्रदेशात हो. तिथे झाडाला ‘ग्लॉग’ म्हणतात. या झाडाने रक्तपिपासूंना रोखायची कल्पना मात्र त्याहून जुनी. रोमन कवी ओव्हिडच्या ‘फास्ती’ या काव्याच्या सहाव्या भागात तान्ह्या बाळाचं रक्त पिणाऱ्या निशाचर पक्ष्यांना अडवायला खिडकीत पांढऱ्या काट्याची फांदी ठेवली जाते. हा पांढरा काटा म्हणजे हॉथॉर्न, असं सर्रास मानतात.

वडिलांना धडधडीचा त्रास आहे. हॉथॉर्नचा चहा द्यावा का? किती द्यावा?

आधी डॉक्टरांकडून तपासणी. गंभीर हृदयविकार नाही हे नक्की झाल्यावर, ताणामुळे अधूनमधून होणाऱ्या धडधडीसाठी हा चहा देतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेनेही हृदयाच्या तक्रारींत त्याला एवढ्यापुरतीच मान्यता दिली आहे, आणि तीही पारंपरिक वापराच्या आधारावर.

औषधात घेतात तो भाग म्हणजे पानांसकट फुलोरा. फुलं नुकती उमलली की दव ओसरल्यावर खुडायची आणि सावलीत एकाच थरात पसरायची. ढीग केला की आतली फुलं काळपट पडतात, ती टाकून द्या. पान हातात चुरलं की कुरकुरीत तुटलं पाहिजे. लवचीक राहिलं तर बरणीत बुरशी धरणार.

एका वेळी 1 ते 2 ग्रॅम, त्यावर 150 मिली उकळतं पाणी. झाकून 10-15 मिनिटं ठेवा, मग गाळा. दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, पण दिवसभराची बेरीज 6 ग्रॅमच्या आत हवी. चमच्याने मोजू नका. वाळलेली फुलं हलकी आणि चुरलेली पानं जड, त्यामुळे तोच चमचा कधी अर्धा भरतो तर कधी दुप्पट. छोटा वजनकाटा वापरा. दोन आठवड्यांत फरक नसेल तर थांबवून पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

डिगॉक्सिन, बीटा-ब्लॉकर, नायट्रेट अशी हृदयाची औषधं किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने अजिबात नको. गरोदरपणी आणि अठराच्या आतल्या मुलांनाही नको. पायाला सूज, दम लागणं, छातीतली कळ हातात किंवा मानेकडे जाणं, असं काही असेल तर चहा बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

हृदय कमजोर झालेल्यांना याने आयुष्य वाढतं, असं सांगणारे भेटतील. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पाइस’ चाचणीत 2,681 रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत दोन वर्षं अर्क किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध दिलं होतं. मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही.

‘तेहोकोते मूळ’ नावाच्या वजन कमी करण्याच्या गोळ्या हॉथॉर्नच्याच ना?

तेहोकोते हा मेक्सिकोतला हॉथॉर्न खरा, त्याची फळं तिथे नाताळच्या गरम पेयात घालतात. पण 2023 मध्ये अमेरिकेत अशा नावाची आहारपूरक उत्पादनं तपासली, तेव्हा काहींमध्ये चक्क पिवळी कण्हेर निघाली. तिच्यातलं विष थेट हृदयाची लय बिघडवतं. घेऊच नका.

हॉथॉर्नच्या फळांची जेली केली, पण ती पातळ आणि गढूळ झाली. शिवाय कडवट लागते.

तिन्ही दोषांची कारणं वेगळी. कडवटपणा बहुधा मिक्सरमुळे आला असावा. बिया फुटल्या की त्यांतला कडू अंश उतरतो आणि त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्यही असतं. फळं डावाच्या पाठीनेच चेचा. गढूळपणा फडकं पिळल्यामुळे येतो. ते रात्रभर टांगून ठेवा. आणि फार पिकलेल्या फळांत जेली घट्ट करणारं पेक्टिन कमी असतं, म्हणून पाव हिस्सा अर्धकच्ची फळं घ्या.

प्रमाण असं: 1 किलो फळांना 1 लिटर पाणी, मंद आचेवर तासभर. गाळलेल्या प्रत्येक 500 मिली रसाला 400 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस. साखर विरघळेपर्यंत आच मंद, मग मोठी, 105 अंशांपर्यंत. थंड बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला की सुरकुती पडली पाहिजे.

बी पेरून वर्ष झालं, कोंब नाही. बी खराब निघालं का?

बहुतेक नाही. त्याला दोन कुलपं असतात: आधी कठीण कवच उबेत आणि ओलाव्यात मऊ व्हावं लागतं, मग गर्भाला तीन-चार महिने थंडी लागते. फळाचा गर काढून ओल्या वाळूत ठेवलेलं बी दुसऱ्या वसंतात, म्हणजे साधारण 18 महिन्यांनी उगवतं. तोवर कुंडी ओलसर ठेवा आणि उंदरांपासून वाचवायला वर बारीक जाळी लावा.