गेम प्रोग्रामिंगमध्ये येताय? आधी एक छोटा गेम पूर्ण करा

गेम बनवायला शिकायचा तुमचा उत्साह पाहून खरंच बरं वाटलं. फक्त सुरुवातीलाच स्वतःचं इंजिन (गेम ज्यावर चालतो ते तयार सॉफ्टवेअर) लिहायच्या किंवा हजारो खेळाडूंचं ऑनलाइन जग उभारायच्या मागे लागू नका. नव्या लोकांचे बरेच प्रकल्प तिथेच अर्धवट राहतात. १९७२ च्या पाँगसारखा (पडद्यावरच्या टेबल टेनिससारखा) साधा खेळ घ्या आणि मेनू, आवाज, पॉज, गुण अशा सगळ्यासकट संपवा. शेवटचं थोडंसं काम किती वेळ खातं ते तेव्हाच कळतं. मुलाखत घेताना मीही उमेदवाराचा पूर्ण झालेला गेमच आधी उघडून बघतो.

इंजिन कुठलंही चालेल. युनिटी घेतलं तर कोडची भाषा सी शार्प, अनरियल घेतलं तर सी प्लस प्लस. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका.

वेळेचं गणित मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. इनपुट, फिजिक्स, रेंडरिंग (पडद्यावर चित्र काढणं), सगळं त्यातच बसवायचं.

नेहमी होणाऱ्या चुका:

- हालचाल फ्रेमवर मोजणं. वेगाला डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) गुणा, नाहीतर ६० ऐवजी १२० फ्रेम देणाऱ्या मशीनवर पात्र दुप्पट वेगाने पळेल.
- प्रोफाइलर (कोडचा कुठला भाग किती वेळ घेतो ते दाखवणारं साधन) न लावता नुसत्या अंदाजाने कोड वेगवान करत बसणं.
- गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारं साधन) न वापरणं. माझं तीन आठवड्यांचं काम असंच गेलं, अजून हळहळ वाटते.

शेडर, नेटवर्किंग, मल्टिथ्रेडिंग असे पुढचे विषय सध्या बाजूला राहू द्या. गेम झाला की दोन-चार जणांना खेळायला द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. ते कुठे अडकतात ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्याचं काम तिथेच सापडेल.