नुसते दंड कमावून भागत नाही

अरे, परवा आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत तू मला दंड दाखवलेस. छान कमावलेत. पण फाटकापासून बँडस्टँडपर्यंत येता येता तुला धाप लागली, तेव्हाच ठरवलं, तुझ्याशी बोलायचंच.

ताकद म्हणजे एकदाच जोर लावून वजन उचलणं. तेच काम न थकता पुन्हा पुन्हा करणं, चाळीसावी बैठकसुद्धा पहिलीसारखी नीट मारणं, हा स्नायूंचा चिवटपणा. तो वेगळा कमवावा लागतो.

दम मात्र सगळ्यांत आधी. हृदय आणि फुप्फुसं स्नायूंना प्राणवायू किती पुरवतात, त्यावर तो ठरतो. आठवड्याला निदान 150 मिनिटं झपझप चाल. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका वेग ठेव. वजनं आठवड्यातून दोन दिवस पुरेत.

लवचिकतेकडे मीही वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं. एकदा गॅसचा सिलिंडर उचलताना कमरेत अशी उसण भरली की आठ दिवस चपलासुद्धा बायको घालून देत होती. आज घरी पाय पसरून बस, गुडघे न वाकवता अंगठे धरून बघ. मांडीमागची शीर ताणली की थांब, हिसका देऊ नकोस. रोज थोडं.

काट्यावरच्या आकड्याला फार भिऊ नकोस. त्यात चरबी किती नि स्नायू किती ते दिसत नाही. कंबर टेपने मोज.

दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, तिथला मल्लखांब एकदा बघून ये. ताकद, तोल, लवचिकता, सगळं एकाच लाकडी खांबावर दिसेल. उद्या सहाला फाटकाशी ये, दोन फेऱ्या मारू.